पुरावा ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनीच तो शोधावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलेला मी एक निवृत्त हवालदार आहे. १९८८ साली तेथे सुरुंगाच्या स्फोटात मला झालेल्या जखमेची नोंद माझ्या सेवा अभिलेखात ‘मोटार अपघातातील इजा’ अशी झाली आहे. ती दुरुस्त करून मला पराक्रम पदक मिळावे, असा माझा अर्ज लष्कराच्या संबंधित कार्यालयाने कालबाह्य आणि पुराव्याअभावी अमान्य म्हणून परत पाठवला. हे केवळ माझ्या एकट्याचे गाऱ्हाणे असते तर मी आपल्या दैनिकाची जागा अडवली नसती. परंतु सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातील माजी सैनिकांच्या मेळाव्यांत शेजारी बसणाऱ्याचे डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळणारी सेवेच्या नोंदींची पुस्तिका) सहज चाळले, तरी अशीच एखादी चुकीची ओळ हाती लागते आणि ती दुरुस्त करून घेण्याचा मार्ग कोणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

पराक्रम पदक म्हणजे काय, हे बिगरलष्करी वाचकांना सांगणे आवश्यक आहे, कारण नावामुळे ते शौर्यपदक असल्याचा समज होतो. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत, मग ती कोणत्याही प्रकारच्या मोहिमेतील असो किंवा बंडखोरीविरोधी कारवाईतील असो, जखमी झालेल्या सैनिकाला हे पदक दिले जाते. वीर चक्र किंवा सेना पदक यांसाठी कमांडिंग ऑफिसरने शिफारस करावी लागते, ती वरच्या पायऱ्या चढत जाते आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी तिचे मोल ठरवते. तेथे उशिरा आलेल्या शिफारशी विचारात घेतल्या जात नाहीत, हे मला मान्य आहे, कारण तीस-पस्तीस वर्षांनंतर कोणाच्या शौर्याची तुलना कोणी आणि कशाच्या आधारे करायची? पराक्रम पदकाला मात्र कोणाच्या मताची गरज नाही. जखम झाली की नाही आणि ती शत्रूमुळे झाली की नाही, एवढ्या दोनच प्रश्नांवर ते ठरते, आणि हे दोन्ही प्रश्न वस्तुस्थितीचे आहेत. त्यामुळे शौर्यपदकांची दारे ज्या कारणाने बंद झाली, ते कारण येथे लागू पडत नाही.

आता माझ्या नोंदीविषयी. भारत-श्रीलंका करार २९ जुलै १९८७ रोजी झाला आणि आपले सैन्य तेथे शांतता राखण्यासाठी म्हणून गेले. ऑक्टोबरपासून ‘लिट्टे’ या सशस्त्र तमिळ बंडखोर संघटनेशी प्रत्यक्ष लढाई सुरू झाली आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोपर्यंत सुमारे बाराशे भारतीय सैनिकांनी तेथे प्राण गमावले होते. जाफना शहर ताब्यात आल्यावर लढाईचे स्वरूप बदलले. समोरासमोरचा गोळीबार कमी झाला आणि रस्त्यांवरचे सुरुंग वाढले. उत्तर श्रीलंकेतील वावुनिया गावाहून उत्तरेकडे जाणारा रस्ता दाट जंगलातून जातो आणि त्याच्या प्रत्येक मोरीखाली काय ठेवले असेल याचा नेम नसे. सकाळी रस्ता मोकळा करणारी तुकडी पुढे जाई, तिच्यामागून रसद आणि माणसे घेऊन गाड्यांचा ताफा निघे. अशाच एका ताफ्यातील थ्री टन गाडीत मागच्या फळीवर मी बसलो होतो. मोरीवर आमची गाडी आली तेव्हा खालून स्फोट झाला, गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला खड्ड्यात उलटली आणि झाडांच्या रांगेतून काही मिनिटे गोळीबार झाला. माझ्या डाव्या मांडीत आणि गुडघ्याच्या वर धातूचे तुकडे शिरले. हेलिकॉप्टरने मागे, तेथून विमानाने मद्रासला आणि नंतर पुण्याला, असा माझा प्रवास झाला.

नोंद कशी बिघडली, हे मला पुष्कळ नंतर कळले, आणि ते सांगणारे गृहस्थ आमच्याच पलटणीचे त्या वेळचे हेडक्लार्क होते. घटनास्थळावरून वायरलेसवर जो पहिला निरोप गेला, त्यात गाडी उलटल्याचे आणि अमुक इतके जण जखमी झाल्याचे एवढेच होते. गोळीबार सुरू असताना वायरलेसवरच्या जवानाने निबंध लिहावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पलटणीचे कारकुनी कामकाज तेव्हा भारतात मागे राहिलेल्या तुकडीकडे होते. तिने त्या पहिल्या निरोपावरून पार्ट टू ऑर्डर काढली. सविस्तर निरोप नंतर आला आणि त्यावरून मृतांच्या आणि पाय गमावलेल्यांच्या नोंदी ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (शत्रूच्या कारवाईत मृत किंवा जखमी) म्हणून सुधारल्या गेल्या, कारण त्यांच्या घरच्यांच्या पेन्शनचा प्रश्न लगेच समोर होता. आम्ही जे दोन पायांवर परत येणार होतो, ते ‘फिजिकल कॅज्युअल्टी’मध्येच, म्हणजे अपघात वगैरे इतर कारणांनी जखमी झालेल्यांतच, राहिलो. त्या कारकुनांना मी दोष देत नाही. रोज जखमींची नवी यादी येत असताना त्यांनी जे सर्वांत निकडीचे होते ते आधी केले, आणि बाकीचे ‘मागाहून करू’ म्हणून राहिले ते राहिलेच.

पार्ट टू ऑर्डर ही काय चीज आहे हे लष्कराबाहेरच्या माणसाच्या लक्षात येणे कठीण आहे. जवानाचे लग्न, मुलाचा जन्म, रजा, बदली, कोर्स, इजा, यांतले जे काही त्या ऑर्डरमध्ये छापले गेले ते घडले, आणि जे छापले गेले नाही ते घडलेच नाही, असे लष्करी दफ्तर मानते. तिच्यावरून शीट रोल, म्हणजे जवानाच्या सेवेचा मूळ नोंदपत्रक, भरला जातो, शीट रोलवरून डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद तयार होतात. आमच्या पलटणींत एकाच नावाचे जाधव, पवार, शिंदे इतके असतात की हाक मारताना नंबरचे शेवटचे दोन आकडे जोडून ‘पवार अठ्ठावन्न’ असे म्हणावे लागते. एक आकडा चुकला की एकाची रजा दुसऱ्याच्या नावावर चढते. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याइतकी किरकोळ नाही. कारगिलच्या युद्धात टायगर हिलवर लढलेले १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव यांना परमवीर चक्र प्रथम मरणोत्तर म्हणून जाहीर झाले होते, आणि ते स्वतः रुग्णालयात उपचार घेत होते. त्याच पलटणीत त्यांच्याच नावाचा दुसरा जवान धारातीर्थी पडला होता. ती चूक तातडीने सुधारली, कारण साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते. वावुनियाच्या जंगलातल्या एका मोरीकडे कोणाचे लक्ष असणार?

मी दुसऱ्या पलटणीत गेलो, बढती मिळाली, पुढे २००५ साली निवृत्त झालो. श्रीलंकेतील सेवेचे पदक मला रीतसर मिळाले आहे. म्हणजे मी तेथे होतो हे दफ्तराला मान्य आहे. मी रुग्णालयात होतो आणि त्यानंतर काही काळ लो मेडिकल कॅटेगरीत (पूर्ण तंदुरुस्त नसलेल्यांच्या वर्गात) होतो, हेही मान्य आहे. मान्य नाही ते एवढेच की ही इजा शत्रूने केली. माझ्याजवळ रुग्णालयातून सुटताना मिळालेली एक चिठ्ठी आहे, घडीवर फाटलेली आणि शाई फिकट झालेली. तिच्यावर डॉक्टरांच्या हातचे स्फोटाने झालेली इजा, डावी मांडी, धातूचे अनेक तुकडे, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आजही वाचता येतात. गेल्या वर्षी गुडघा फार दुखू लागला म्हणून साताऱ्याच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. तेथील तंत्रज्ञ मुलाने नेहमीचा प्रश्न विचारला, अंगात कोठे धातू आहे का? मी आहे म्हणालो. त्याने आधी एक्स-रे काढला आणि तो पाहून एमआरआय करण्यास नकार दिला. मांडीच्या हाडाच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे ते तुकडे एक्स-रेवर पांढरे शुभ्र दिसतात. गाडी उलटल्याने हाड मोडते, मुका मार लागतो, पण मांडीत खोलवर असे तुकडे विखुरत नाहीत, हे त्या पंचविशीतल्या मुलालाही कळले.

हे दोन्ही कागद जोडून मी अर्ज केला. उत्तर आले त्याचा आशय असा, की उपलब्ध अभिलेखानुसार सदर इजा मोटार अपघातात झालेली आहे, बॅटल कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर आढळत नाही, रुग्णालयाची चिठ्ठी इजेचे कारण सिद्ध करण्यास पुरेशी नाही, तरी अर्जदाराने बॅटल कॅज्युअल्टीचा संदेश आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीची (घटनेच्या लष्करी चौकशीची) प्रत सादर करावी. माझ्या पत्राचा सारा रोख या शेवटच्या वाक्यावर आहे. बॅटल कॅज्युअल्टीचा संदेश लष्कराने लष्कराला पाठवलेला असतो. कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कार्यवाही लष्कराच्या ताब्यात राहते आणि तिची प्रत जवानाच्या हाती सहसा पडत नाही. पलटणीची वॉर डायरी, म्हणजे मोहिमेतील रोजच्या घडामोडींची नोंदवही, गोपनीय असते. म्हणजे ज्या कागदांना हात लावण्याची मला परवानगी नव्हती, तेच कागद घरून काढून आणून द्या, असे मला सांगितले गेले. जुन्या पलटणीला विचारले, तर मुदत संपलेली कागदपत्रे नियमाप्रमाणे नष्ट केल्याचे कळले. माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर कायद्याच्या मुदतीत उत्तर आले खरे, पण जे ठेवलेलेच नाही ते माहितीच्या अधिकारातही मिळत नाही.

कागद खरोखरच संपले असते तर मी गप्प बसलो असतो. पण सगळे संपलेले नाहीत. संरक्षण मंत्रालयाचा स्वतंत्र इतिहास विभाग आहे. युद्धे आणि मोहिमा यांचे इतिहास संकलित करणे, त्यांचे अभिलेख जपणे आणि ते खुले करणे यासंबंधीचे धोरण जून २०२१ मध्ये मंत्रालयाने जाहीर केले. त्यानुसार वॉर डायऱ्या, कारवायांसंबंधीची पत्रे, नोंदवह्या असे सर्व अभिलेख सैन्यदलांनी आणि मंत्रालयाच्या इतर संस्थांनी इतिहास विभागाकडे सोपवायचे आहेत, साधारणतः पंचवीस वर्षांनी ते खुले करायचे आहेत, आणि पंचवीस वर्षांहून जुने अभिलेख तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे आहेत. हे धोरण इतिहास लिहिणाऱ्यांसाठी आखले गेले आणि ते उत्तमच आहे. परंतु ज्या वॉर डायरीतून उद्या एखादा अभ्यासक वावुनियाच्या रस्त्यावरील ताफ्यांचा अभ्यास करणार आहे, त्याच डायरीत त्या दिवशी कोणती गाडी कशाने उडाली हेही लिहिलेले असणार. अभ्यासकाला जे पान उघडून देण्याचे सरकारने ठरवले, ते पान जखमी जवानाच्या अर्जावर निर्णय देणाऱ्या कार्यालयाने स्वतः उघडून पाहावे, एवढीच माझी मागणी आहे. तीच गोष्ट लष्करी रुग्णालयांच्या दाखल-नोंदवह्यांची आणि निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या कागदांची.

यावर कोणी म्हणेल की इतकी वर्षे का थांबलात? नोकरीत असताना शीट रोलवर वर्षातून एकदा सही घेतली जाते. तो इंग्रजीत असतो, मागे रांग उभी असते आणि कारकून ‘इथे सही’ म्हणून बोट ठेवतो. त्या सहीवरून जवानाने आपली नोंद वाचून मान्य केली, असा अर्थ काढणे कायद्याने बरोबर असेलही, पण ज्याने ती रांग पाहिली आहे तो तसा अर्थ काढणार नाही.

पैशाचा काहीच प्रश्न नाही, असा साळसूदपणाही मला करायचा नाही. पराक्रम पदकाला शौर्यपदकांसारखा मासिक भत्ता नाही, पण नोंद सुधारली तर पेन्शनचा प्रश्न आपोआप पुढे येतो. संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २००१ मध्ये मृत्यू आणि अपंगत्वाच्या कारणांचे ए ते ई असे पाच वर्ग केले, आणि ते १ जानेवारी १९९६ पासून लागू झाले. कर्तव्यावर असताना झालेला अपघात सी वर्गात जातो, तर परदेशातील शांतिमोहिमेवर असताना झालेल्या कारवाईचा उल्लेख ई वर्गात स्पष्ट शब्दांत आहे. ई वर्गातील युद्धजखमेसाठी पेन्शनचा दर साध्या अपंगत्वाच्या दुप्पट आहे. तेव्हा कारकुनाच्या एका ओळीने माणूस कोणत्या वर्गात पडतो, याला महत्त्व आहे. गंमत अशी की पेन्शनच्या बाबतीत उशीर झाला तरी दार पूर्ण बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात पेन्शन दरमहा कमी मिळणे हा चालू राहणारा अन्याय मानला आणि दावा उशिरा आला तरी साधारणतः मागील तीन वर्षांची थकबाकी देता येते, असे सांगितले. पदक दरमहा मिळत नसल्याने त्याला हा आधार मिळत नाही. ज्याचा सरकारी तिजोरीवर भार पडतो ते उशिरा मागता येते, आणि ज्याला एक चकती नि फितीचा तुकडा लागतो ते मुदतीच्या कारणाने नाकारले जाते.

न्यायालयाची वाट आहे, हे मला ठाऊक आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. याच न्यायाधिकरणाने २०१० मध्ये कारगिल युद्धात बटालिक भागातील ब्रिगेडचे नेतृत्व केलेल्या ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या बाजूने निकाल देऊन युद्धाच्या अधिकृत वृत्तांतात दुरुस्ती करण्याचा आदेश दिला होता. म्हणजे युद्धभूमीवरील नोंद चुकीची असू शकते आणि ती दुरुस्त करता येते, हे तत्त्व आपल्याकडे प्रस्थापित आहे. पण ब्रिगेडियरला जे झेपते ते खटाव तालुक्यातल्या हवालदाराला झेपेलच असे नाही. नाकारल्याच्या आदेशापासून सहा महिन्यांत दावा करायचा, उशीर झाल्यास माफीचा अर्ज द्यायचा, वकील गाठायचा आणि तारखेला मुंबई गाठायची, हे सारे एका नोंदीसाठी.

अमेरिकेने हा प्रश्न फार पूर्वी न्यायालयाबाहेर काढला. १९४६ च्या कायद्याने तेथे प्रत्येक सैन्यदलासाठी अभिलेख दुरुस्तीचे मंडळ नेमण्याची सोय झाली, आणि त्या मंडळांत नागरी सदस्य असतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ती मुदत बाजूला ठेवू शकते. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या त्यांच्या अभिलेख केंद्राला आग लागली आणि सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. त्यानंतर ‘कागद जळाले, तुम्हीच पुरावा आणा’ एवढेच सांगून तेथील कार्यालय थांबले नाही. पगाराची व्हाउचरे, तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवाल, रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या नोंदी अशा इतरत्र उरलेल्या कागदांतून एकेकाची सेवा पुन्हा उभी करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. अमेरिकेचे सगळेच अनुकरणीय आहे असे मी म्हणणार नाही, त्यांचे माजी सैनिकही त्यांच्या कार्यालयांविषयी तक्रारी करतच असतात. पण दुसऱ्या दफ्तरात शोध घेणे हे कार्यालयाचे काम आहे, अर्जदाराचे नव्हे, एवढी गोष्ट त्यांनी मान्य केली आहे.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. इजेची तारीख आणि ठिकाण मोहिमेच्या क्षेत्रातील असेल आणि रुग्णालयाच्या एखाद्या कागदावर स्फोटाचा किंवा गोळीचा उल्लेख असेल, तर अर्ज फेटाळण्यापूर्वी वॉर डायरी आणि रुग्णालयाची नोंदवही तपासावी, आणि तपासून काय आढळले हे उत्तरात लिहावे, असे एक परिपत्रक पुरेल. ‘आढळत नाही’ असे कळवताना कोठे शोधले हे सांगण्याची सक्ती झाली तर निम्मी प्रकरणे तेथेच मार्गी लागतील, असा माझा अंदाज आहे. राज्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनीही मेळाव्यांत येणाऱ्या श्रीलंका, सियाचिन आणि काश्मीरमधील जुन्या जखमींची डिस्चार्ज बुके पाहून अशा नोंदींची यादी करावी. आम्ही सगळे आता साठीच्या पुढे आहोत, साक्ष देऊ शकणारे अधिकारी ऐंशीकडे झुकले आहेत, आणि प्रतिज्ञापत्रावर सही करणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

शांतिसेनेतून परतलेल्या सर्व बांधवांना माझी विनंती आहे की आपापल्या डिस्चार्ज बुकातील आणि मेडिकल बोर्डाच्या कागदांतील इजेच्या कारणाची ओळ कोणाकडून तरी वाचून घ्यावी आणि रुग्णालयाची जुनी चिठ्ठी असेल तर तिच्या प्रती आजच काढून ठेवाव्यात. १९८८ साली वावुनियाच्या उत्तरेकडील रस्त्यावर ताफ्यात असलेले चालक, नर्सिंग असिस्टंट किंवा वायरलेसवरचे कोणी हे पत्र वाचत असतील, तर त्यांनी आपल्या दैनिकामार्फत मला कळवावे, मी त्यांचा ऋणी राहीन. रुग्णालयाची चिठ्ठी, एक्स-रेचा अहवाल आणि कार्यालयाचे उत्तर यांच्या प्रती आपल्या पडताळणीसाठी सोबत जोडल्या आहेत. त्यांवर माझा लष्करी नंबर असल्याने त्या छापू नयेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार, खटाव तालुका, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)